सोसायटीच्या ग्रुपवर हिशेब विचारला म्हणून वकिलाची नोटीस – मदत हवी आहे

गच्चीवाली

नमस्कार. इथे कुणी वकील किंवा सोसायटीच्या कामातले जाणकार असतील तर कृपया वाचा.

ठाणे जिल्ह्यातली आमची जुनी सोसायटी. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं बिल साडेसहा लाख झालं आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावर बादल्या लागल्या. मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "तीन कोटेशनं मागवली म्हणता, ती अजून कुणाला दाखवलेली नाहीत. मधले पैसे कुणी खाल्ले?" नाव कुणाचंही घेतलं नाही.

आता सेक्रेटरींच्या वकिलाची नोटीस आली आहे. पंधरा दिवसांत लेखी माफी आणि दहा लाख भरपाई द्या, नाहीतर भारतीय न्याय संहितेचं अब्रुनुकसानीचं कलम ३५६ आणि आयटी अ‍ॅक्टचं ऑनलाइन आक्षेपार्ह मेसेजबद्दलचं कलम ६६अ लावू, म्हणे. ग्रुपच्या अ‍ॅडमिन असलेल्या शेजारच्या काकूंनाही तीच नोटीस. त्यांना बीपीचा त्रास आहे. दारावरची बेल वाजली की "पोलीस आले का गं?" म्हणून मलाच फोन करतात.

आपल्याला बोलण्याचं स्वातंत्र्य आहे ना? नोटिशीला उत्तर द्यायलाच हवं का? आणि तो मेसेज डिलीट करू का?

तालुका_कोर्ट

आधी काकूंना सांगा, पोलीस येणार नाहीत. अब्रुनुकसानी हा अदखलपात्र (म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही असा), जामीनपात्र गुन्हा आहे. तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे खासगी तक्रार करावी लागते, आणि फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याप्रमाणे, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, तिची दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. शिवाय सदस्याच्या पोस्टबद्दल केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा मिळून आधीच ठरलेला बेत असेल तरच, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे.

६६अ वाचून तर हसूच आलं. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या पालघरच्या मुलीला आणि तिची पोस्ट लाइक करणाऱ्या मैत्रिणीला २०१२ मध्ये अटक झाली होती, ती या कलमाचा आधार घेऊनच. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात अख्खं कलम घटनाबाह्य ठरवलं. तरी ते वापरलं जातच राहिलं, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. तुमच्या नोटिशीचा मसुदा बहुधा त्याआधीचा असावा!

पण ३५६ हसण्यावारी नेऊ नका. घटनेच्या १९(१)(अ) मध्ये भाषणस्वातंत्र्य आहे, तसं १९(२) मध्ये अब्रुनुकसानीचं बंधनही आहे. फौजदारी अब्रुनुकसानीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कायम ठेवला. तुमच्या मेसेजमध्ये बिल, गळती, न दाखवलेली कोटेशनं या गोष्टी कागदावर सिद्ध करता येतील. अडचण "खाल्ले"ची. पुढे प्रश्नचिन्ह आहे किंवा नाव घेतलेलं नाही, एवढ्यावर सुटका होत नाही. रोख कुणाकडे आहे हे ग्रुपला कळलं की पुरे. तुमच्या बाजूला कायद्यातले अपवाद आहेत: लोकहितासाठी सांगितलेलं सत्य, आणि स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान. वर्गणी तुम्हीही भरता, तेव्हा दुसरा अपवाद इथे बसतो असं माझं मत.

मेसेज डिलीट करू नका, संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. नोटिशीला उत्तर देणं सक्तीचं नाही, पण द्याच, तेही वकिलामार्फत. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

माजी_खजिनदार

ग्रुपवर भांडत बसू नका, ताई. सहकारी संस्था अधिनियमाखाली सोसायटीकडे लेखी अर्ज टाका आणि पोच घ्या. तुमच्याशी झालेल्या व्यवहारांचे कागद, वार्षिक ताळेबंद, सभांची इतिवृत्तं पाहायचा हक्क सभासदाला आहे. टाळाटाळ झाली तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा.

गच्चीवाली

दोघांचे आभार. काकूंना वाचून दाखवलं, आज त्या खाली भाजी आणायला गेल्या. अर्ज उद्या देते. ऑडिटरच्या अहवालाची प्रतही त्यातच मागू का?

माजी_खजिनदार

मागा. आणि नोटीस सेक्रेटरींची वैयक्तिक आहे ना? मग वकिलाची फी कुणाच्या खात्यातून गेली तेही विचारा.