घशात आग, छातीत जळजळ: पुदिन्याशिवाय गारवा देणारं काही मिळतं का?

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत क्लासमध्ये गणित शिकवतो, वय ४६, दिवसाला सहा तास बडबड. तीन महिने झाले, घशात काहीतरी अडकल्यागत वाटतंय. आवंढा गिळला तरी हलत नाही. सकाळी आवाज घोगरा, छातीच्या मधोमध जळजळ. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं, गाठबिठ नाही, आम्ल वर येतंय म्हणाले. आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल ४० चालू आहे, रोज नाश्ता झाला की घेतो. फरक आहे, पण रुपयात चार आणे. शिवाय बीपीची गोळी आहेच.

खरा आधार मेंथॉलच्या, म्हणजे पुदिन्यातल्या गार द्रव्याच्या गोळ्यांचा. माझ्या खडूच्या डब्यात आता खडू कमी आणि गोळ्यांचे कागद जास्त. चघळली की दहा मिनिटं घसा गार, पण तासाभरात छातीतली आग आधीपेक्षा जास्त. घरातून हुकूम आहे, "गोळ्या सोडा आणि तांबडा रस्साही सोडा." रस्सा आठवड्यातून एकदावर आणलाय. कोल्हापूरकराकडून याहून मोठा त्याग मागू नये.

वाचताना कळलं की मेंथॉल घसा खरोखर थंड करत नाही. थंडी ओळखणारा एक रिसेप्टर, म्हणजे जाणीव टिपणारं प्रथिन, मज्जातंतूंवर असतो, टीआरपीएम८, त्यालाच ते चाळवतं. हा २००२ साली सापडला, मिरचीचा तिखटपणा ओळखणारा १९९७ ला. या कामासाठी ज्युलियस आणि पॅटापूटियन या शास्त्रज्ञांना २०२१ चं नोबेल. म्हणजे माझ्या घशात दोन्ही पार्ट्यांचं भांडण चाललंय. डब्ल्यूएस-३ नावाचं, पुदिन्याचा वास नसलेलं गार द्रव्यही असतं म्हणे. ते आणून पाण्यात टाकून प्यावं का?

गंगावेसकर: सर, गोळ्या कशाला? कट्ट्यावर या, समोर म्हैस पिळून गिलासभर देतात.

शाहूपुरीचा औषधवाला: दादा, तुमच्या दुधानं घटकाभर बरं वाटतं, नंतर त्याच दुधामुळं पोटात आम्ल वाढतं. त्यात म्हशीचं म्हणजे स्निग्ध.

सर, डब्ल्यूएस-३ आहे, १९७० च्या दशकात विल्किन्सन स्वोर्ड या रेझरच्या कंपनीनं शोधलेल्या द्रव्यांपैकी. च्युइंगमात, टूथपेस्टमध्ये चिमूटभराहून कमी घालतात. ते औषध नाही, स्वाद आहे. पावडर आणून घरी घोळ घालू नका. आणि गारवा म्हणजे नुसती जाणीव. खाली आम्लानं सोललेलं तसंच राहतं.

तुमची आग वाढते त्याचं कारण पुदिना असू शकतो. अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूची झडप असते, ती पुदिन्यानं सैल पडते. पॅन्टोप्राझोल नाश्त्यानंतर का? उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. जेवणानंतर अल्जिनेटचं पातळ औषध घ्या, ते जठरातल्या अन्नावर फेसाचा तराफा करून तरंगतं. घशासाठी खडीसाखर चघळा, लाळ सुटली की आम्ल धुतलं जातं. ज्येष्ठमध सारखा तोंडात ठेवू नका, त्यानं बीपी चढतं. घास अडकायला लागला, वजन उतरलं किंवा शौच काळी झाली तर थांबू नका, एंडोस्कोपी करून घ्या.

आणि बीपीची गोळी कुठली?

मूळ प्रश्नकर्ता: अॅम्लोडिपिन.

शाहूपुरीचा औषधवाला: त्यानंही ती झडप सैल पडते. मनानं बंद करू नका, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला.

मूळ प्रश्नकर्ता: आत्ता जुनी फाईल काढली. दोन वर्षं ५ ची चालू होती, काही त्रास नव्हता. १० ची केली त्याच्या पुढच्याच महिन्यात घसा धरलाय. सोमवारी दोन्ही चिठ्ठ्या घेऊन जातो. डॉक्टर काय म्हणतात ते इथंच लिहितो.