शेती, जंगल अन् हवामान बदलावर काम करायचंय, सरकारी फेलोशिप नेमकी कोणती बघायची?

नरखेडची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरच्या कृषी महाविद्यालयात एमएससी करून राहिली आहे, मृदाशास्त्र, शेवटचं वर्ष. घर नरखेड तालुक्यात, संत्र्याची बाग आहे आमची, आंबिया बहार धरतो, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा. गेल्या काही वर्षांत काय होऊन राहिलंय ते तिकडच्या लोकांना सांगायची गरज नाही, डिसेंबरात फूल यावं म्हणून झाडाला ताण द्यायला पाणी तोडलं की मधातच पाऊस येतो अन् ताण मोडतो, थंडी पडायला पाहिजे तशी पडत नाही, फूल कमीजास्त निघतं, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट, मे महिन्यात उन्हानं गळ अन् त्यातून जे वाचलं ते ऑगस्टच्या झडीत गळतं. बाबा म्हणतात माती तीच, झाड तेच, हवाच बदलली.

मला यावरच पीएचडी करायची आहे, म्हणजे माती, संत्रा आणि बदलतं हवामान, आणि बांधावर सागवान-बांबू लावणाऱ्यांच्या मातीत कार्बन किती वाढतो वगैरे पण डोक्यात आहे. पण घरून पैसे मागायचे नाहीत हे पक्कं आहे. आता प्रत्येक जण वेगळंच सांगतो, कोणी म्हणे एएसआरबी (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ) नेट काढ फेलोशिप मिळते, कोणी म्हणे यूजीसीची दे, कोणी म्हणे प्रोजेक्टवर एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) लागून जा. ओबीसीत येते. घरच्यांचं म्हणणं एमपीएससीची कृषी सेवा कर, पण मन नाही. कोणी यातून गेलं असेल तर नीट सांगा प्लीज.

काळीमाती

ताई, सगळ्यात आधी तो एएसआरबी नेटचा गैरसमज काढून टाका, दर वर्षी पोरंपोरी यात फसतात. एएसआरबी नेट पास झालं की कृषी विद्यापीठात सहायक प्राध्यापक पदाला पात्र होता, महिन्याला पैसे येत नाहीत. पीएचडीची आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) फेलोशिप मिळते ती आयसीएआर एआयसीई जेआरएफ/एसआरएफ या परीक्षेतून (जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलो), ती एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते आणि त्यातल्या मेरिटवर प्रवेश अन् फेलोशिप ठरते. नावं सारखी वाटतात म्हणून लोक एकच समजतात. तुमचं पहिलं टार्गेट हेच ठेवा.

दुसरं, यूजीसी नेटमध्ये कृषी हा विषयच नाही, पर्यावरण विज्ञान आहे, तुमचा कल मातीतला कार्बन, हरितगृह वायू याकडे असेल तर त्याचा सिलॅबस तुम्हाला परका वाटणार नाही. सीएसआयआर (केंद्राची वैज्ञानिक संशोधन परिषद) नेटमध्ये पण कृषी नाही, तिथं आपल्याकडचे लोक लाईफ सायन्स देतात. पात्रतेत तुमची पदवी बसते का ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः वाचा, मित्राच्या भरवशावर फॉर्म भरू नका. यूजीसी जेआरएफला वयाची अट ३०, ओबीसी नॉन क्रिमीलेअर आणि महिलांना ५ वर्षं सूट. रक्कम म्हणाल तर १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ ३७,०००, दोन वर्षांनी एसआरएफ झालं की ४२,०००, घरभाडं भत्ता वेगळा. नागपुरात राहून ३७ हजारात नीट निघतं, थोडे घरी पण पाठवता येतात.

तिसरं डीएसटीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान खात्याची, इन्स्पायर फेलोशिप. एमएससीला विद्यापीठात पहिला नंबर असेल तर डोळे झाकून भरा, कृषीवाल्यांना पण चालते.

पण खरं सांगू का, फेलोशिपच्या आधी प्रश्न आणि गाईड ठरवा. तुमच्या प्रश्नासाठी नागपूरसारखी जागा नाही. अमरावती रोडवर मृदा सर्वेक्षण ब्युरो आहे आणि त्याच रोडवर लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, म्हणजे तुमची माती एका गेटात अन् तुमचा संत्रा दुसऱ्या. वर्धा रोडला कापूस संशोधन संस्था. हवामान बघायचं तर सोनेगावला हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र. नीरीत (पर्यावरण संशोधन संस्था) सीएसआयआर जेआरएफवर पीएचडी होते ती एसीएसआयआरकडे, म्हणजे सीएसआयआरच्याच पदवी देणाऱ्या अकादमीकडे, नोंदणी करून. एक दिवस सुटी काढून जा, वेबसाईटवर शास्त्रज्ञांचे विषय लिहिलेले असतात, दोन-तीन पेपर वाचून मेल टाका. नुसतं "मला पीएचडी करायची आहे सर" असं लिहिलं तर उत्तर येत नाही. "डिसेंबरातल्या पावसानं ताण मोडल्यावर भारी काळ्या मातीत ओल किती दिवस टिकते आणि फुलावर काय परिणाम होतो" असं लिहून पाहा. आपल्या मातीत चिकणमातीचं प्रमाण जास्त, पाणी सोडतच नाही लवकर, म्हणून एक पाऊस हलक्या जमिनीतल्या बागेला सोसतो अन् भारी जमिनीतल्या बागेचा ताण पार जातो. हा प्रश्न तुमच्या बाबांनी तुम्हाला दिलेला आहे, तो सोडू नका.

कार्बनचं म्हणाल तर एक सावधगिरी. कॉलेजात आपण मातीतला सेंद्रिय कार्बन वॉकली-ब्लॅक पद्धतीनं काढतो, डायक्रोमेट टाकायचं, आम्ल टाकायचं, मग फेरस अमोनियम सल्फेटनं टायट्रेशन, निळ्या-जांभळ्याचा चकचकीत हिरवा झाला की थांबायचं. हिरव्याच्या पुढं एक थेंब गेला की आकडा गेला. शिवाय आपल्या मातीत चुनखडी असते, म्हणजे अजैविक कार्बन, तो वेगळा धरावा लागतो, आणि हेक्टरी साठा काढायला मातीची घनता लागते, ती उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात काढली तर एक येते आणि पावसाळ्यात दुसरी. प्रस्तावात हे लिहिलं ना, तर समोरच्या समितीला कळतं की ही पोरगी शेतात उभी राहिलेली आहे.

मोहफूल_गडचिरोली

वरच्या भावानं शेतीचं चांगलं सांगितलं, मी जंगलाकडचं सांगतो कारण तुम्ही सागवान-बांबूचं पण लिहिलंय.

वानिकीत सरकारी संशोधन म्हणजे मुख्यतः आयसीएफआरई (भारतीय वानिकी संशोधन परिषद), डेहराडूनचं. महाराष्ट्र येतो जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेकडे, तिथं ज्युनियर प्रोजेक्ट फेलोच्या जागा निघत राहतात, मुलाखतीवरच भरतात, जाहिरात आली की चार-आठ दिवसांचाच वेळ असतो म्हणून साईट बघत राहावी लागते. पीएचडीची नोंदणी डेहराडूनच्या एफआरआय अभिमत विद्यापीठात होते. भारतीय वन सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं ऑफिस तर नागपुरातच आहे. देशाचा वनस्थिती अहवाल यांचाच, १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी येतो, त्यात कार्बन साठ्याचे आकडे असतात, कृषी वनीकरणावर काम करायचं असेल तर तो अहवाल वाचून जा. रिमोट सेन्सिंग शिकायचं असेल तर एमआरसॅक हे राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र पण नागपुरातच, व्हीएनआयटीच्या आवारात.

आता एक गोष्ट जी कोणी आधी सांगत नाही. राखीव जंगलात, त्यातही अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पात प्लॉट टाकायचा तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, फाईल सिव्हिल लाईन्सच्या वनभवनात जाते आणि तिला वेळ लागतो. तिकडं फेलोशिपचं घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू झालेलं असतं. माझ्याबरोबरच्या एका मुलाचा पूर्ण एक हंगाम यात गेला, पानगळ मोजायची होती अन् परवानगी आली तेव्हा पानं जमिनीवर कुजून गेली होती. म्हणून विषय ठरला की त्याच आठवड्यात अर्ज टाका. शेतकऱ्याच्या बांधावरचा सागवान मोजायला ही कटकट नाही, म्हणून तुमचा विषय मला जास्त पटतो. टेप घेऊन जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजायचा, उतार असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून मोजायचा, झाडावर रंगानं खूण करून ठेवायची म्हणजे पुढच्या वर्षी त्याच जागी टेप बसते.

आणि ताई, ग्रामसभेकडे सामूहिक वनहक्क असलेलं जंगल असेल तर आधी ग्रामसभेत बसा, वनखात्याच्या आधी. मेंढा-लेखाला २००९ मध्ये हक्क मिळाले, तेव्हापासून आमच्याकडं गावं स्वतः जंगलाचा हिशेब ठेवून राहिली आहेत. मोहाचा फुलोरा कधी आला, तेंदूपत्ता कधी तोडला, आग कोणत्या कक्षातून आली, हे तिथल्या बाया तुम्हाला जेवढं सांगतील तेवढं कोणत्या उपग्रहातून दिसणार नाही. त्यांच्याकडून माहिती घेतली तर परत जाऊन निकाल सांगा, हे आमच्याकडचे लोक फार लक्षात ठेवतात.

धानपट्ट्यातली_ताई

भंडाऱ्याहून लिहितेय. पोरी, प्रोजेक्टवरच्या एसआरएफबद्दल दोन शब्द, कारण मी तेच केलं. आयसीएआरचा निक्रा नावाचा मोठा कार्यक्रम आहे, २०११ ला सुरू झाला, हैदराबादच्या क्रीडा या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेकडून चालतो, हवामानाला टिकणाऱ्या शेतीवरच आहे, त्यात आणि अशा बाकी प्रोजेक्टमध्ये एसआरएफ, यंग प्रोफेशनल अशा जागा निघतात. फायदा हा की परीक्षा न देता काम हातात येतं. मी धानाच्या बांधीत मिथेन मोजत होते. बांधीत पाणी साचलेलं राहिलं की मातीत हवा जात नाही आणि मिथेन तयार होतो, म्हणून पाणी आलटूनपालटून द्यायचं, भोकं पाडलेला पाईप मातीत गाडायचा, पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटीमीटर गेली की मगच पुन्हा पाणी. रोपांवर ॲक्रिलिकची पेटी ठेवून ठरलेल्या मिनिटाला सिरिंजनं हवा ओढायची, सकाळी गुडघाभर चिखलात, आणि मग त्या बाटल्या गॅस क्रोमॅटोग्राफपर्यंत न फुटता न्यायच्या. हे सगळं मला कोणत्या वर्गात शिकायला मिळालं नसतं.

तोटा हा की प्रोजेक्ट संपला की तुझी जागा संपली, आणि सगळीकडं त्या कामावर पीएचडी नोंदणी करू देतातच असं नाही. हे रुजू होतानाच लेखी विचारून घे. आणि मानधन. माझ्या ठिकाणी एका वर्षी ग्रँट उशिरा आली अन् कित्येक महिने हातात काही नव्हतं, खोलीचं भाडं भावानं भरलं. तेव्हा ज्या फेलोशिपवर जाशील, पहिल्या वर्षीच थोडे पैसे बाजूला टाकत जा.

लग्न-लेकरांमुळं मधात खंड पडला तर घाबरू नको, डीएसटीची वाईज-किरण योजना त्यासाठीच आहे, त्यात वाईज-पीएचडीला २७ ते ४५ वय चालतं. घरातल्यांना हे पण सांग, म्हणजे "आता नाही तर कधीच नाही" असं दडपण येत नाही.

पीएचडीला लागल्यावर बाहेरच्या सरकारांचं पण बघ. क्लिफ-ग्रॅड्स म्हणून आहे, न्यूझीलंड सरकारच्या पुढाकारातून उभी राहिलेली, विकसनशील देशातल्या पीएचडी करणाऱ्यांना शेतीतले हरितगृह वायू मोजायला काही महिने दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत पाठवतात. जर्मनीची हम्बोल्टची हवामान फेलोशिप आहे, त्याला तिथला यजमान आधी शोधावा लागतो. ही पुढची गोष्ट झाली पण आतापासून माहीत असलेली बरी.

वरुडकर

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. कृषी सेवेत गेली तर पण हवामान बदलावरच काम करणार ना ती. पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प) बघा, २०१८ ला जागतिक बँकेच्या मदतीनं सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यात नागपूर जिल्हा नव्हता, आता दुसऱ्या टप्प्यात आलाय. गावोगावचा पाण्याचा ताळेबंद, शेततळं, ठिबक हे राबवणारे कृषी अधिकारीच असतात. कागदावर मातीचा कार्बन मोजून नरखेडच्या बागेला काय मिळणार? संशोधन अन् बांध यांच्यात अंतर फार आहे इथं.

आणि एक वर्ष सरकारात काम कसं चालतं ते बघायचंच असेल तर मुख्यमंत्री फेलोशिप आहे, वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो.

काळीमाती

वरुडकर भाऊ, अंतर आहे हे खरं, पण म्हणूनच तर बागेतून आलेली माणसं संशोधनात पाहिजे. कोणत्या जमिनीत ताण किती दिवस द्यायचा, पाऊस पडला तर पुढं काय करायचं, ही शिफारस कोणीतरी मोजून काढल्याशिवाय कृषी अधिकारी तरी काय सांगणार शेतकऱ्याला? ठिबक कुठं किती चालवायचं हे पण मातीच सांगते. दोन्ही कामं लागतात, पण मन नसताना एमपीएससीत चार-पाच वर्षं घालायला लावू नका कोणाला.

नरखेडची_लेक

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. मी आधी आयसीएआरच्या परीक्षेचं धरते, सोबत यूजीसीचं पर्यावरण विज्ञान. ताणाचा प्रश्न बाबांसोबत बसून लिहून काढला, त्यांच्याकडं कोणत्या वर्षी पाणी कधी तोडलं अन् फूल कधी निघालं हे वहीत लिहिलेलं आहे, मला माहीतच नव्हतं! वरुडकर दादा, तुमचं पण पटलं, शिफारस बांधापर्यंत गेली पाहिजे हे लक्षात ठेवेन. एकच विचारायचं राहिलं, दोन्हीपैकी एकही परीक्षा निघाली नाही आणि नुसता पीएचडीला प्रवेश मिळाला तर काय?

काळीमाती

ती वही जपा, स्कॅन करून ठेवा आजच. अशी नोंद सापडायला संशोधक तरसतात, फक्त तारखेपुढं त्या वर्षीच्या पावसाचा आकडा बसवावा लागेल, तो हवामान खात्याकडून किंवा तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदीतून मिळतो.

प्रवेश मिळाला अन् जेआरएफ नसेल तर तुमच्यासाठी महाज्योती या राज्याच्या संस्थेची फेलोशिप आहे, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी, मुख्यालय आपल्या नागपुरातच. पीएचडीची नोंदणी पक्की झाली की जाहिरातीनुसार अर्ज करायचा, जागा मर्यादित असतात. मराठा समाजातल्यांना सारथी, अनुसूचित जातीला बार्टी, आदिवासी मुलांना टीआरटीआय (आदिवासी संशोधन संस्था) आणि केंद्राची एनएफएसटी फेलोशिप, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगून ठेवतो. एका वेळी एकच फेलोशिप घेता येते, जेआरएफ नंतर निघाली तर आधीची सोडून द्यावी लागते अन् तसं लेखी कळवावं लागतं, नाहीतर वसुली निघते.

आणि नॉन क्रिमीलेअर दाखला आताच काढा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, किती वर्षांचा मिळाला ते बघा, आणि केंद्राच्या परीक्षांना केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा लागतो, राज्याचा चालत नाही. दोन्ही एकदमच सेतूत टाका, नरखेडला गर्दी कमी असेल तेव्हा.