मदत हवी आहे: ईमच्या प्लेगच्या वेळची लोकसंख्या

इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या ईम गावातल्या १६६५-६६ च्या प्लेगवर लेख लिहितोय. सेंट लॉरेन्स चर्चचे रेक्टर विल्यम मॉम्पेसन यांनी गावकऱ्यांना वेशीबाहेर न जाण्यास राजी केलं, प्रार्थना उघड्यावर घेतल्या. त्यांची पत्नी कॅथरिनही त्यातच गेली. कबर चर्चच्याच आवारात आहे. इथवर ठीक. घोडं अडलंय आकड्यावर. मृत्यू साधारण २६०, पण अख्खं गाव किती? जुने लेखक ३५० म्हणतात, नवे अभ्यासक जवळपास दुप्पट. हा फरक थोडाथोडका नाही! चर्चच्या नोंदवहीची नक्कल पाहिली. तिच्यात बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, पण जिवंत माणसांची मोजदाद नाही. तिकडे जाऊन दफ्तर चाळणं शक्य नाही. त्या काळच्या हार्थ टॅक्सच्या, म्हणजे चुलींवरच्या कराच्या यादीवरून हिशेब करताना दर घरी किती माणसं धरतात, आणि करमाफीतली गरीब घरं यादीत सापडतात का?