स्पॉन्सरशिपचे सर्टिफिकेट विकत घ्यायचे नसते

ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी आपल्या धाकट्या भावाकडे एका एजंटाने 'सर्टिफिकेट'चे आठ लाख रुपये मागितले आहेत, असे आपण लिहिले आहे. ते कृपया देऊ नयेत. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप हा शिक्का मारलेला कागद नसून, परदेशी कामगार नेमण्याचा परवाना असलेल्या कंपनीने ब्रिटिश गृहखात्याच्या संगणकप्रणालीत केलेली नोंद असते आणि उमेदवाराला अर्जात लिहिण्यासाठी तिचा क्रमांक कळवला जातो. माझ्या मावसभावाच्या हाती एका एजंटाने सोनेरी मोहोर उमटवलेले, लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र दिले होते. त्यावर कंपनीचे नाव ठळक होते, क्रमांक मात्र कुठेच नव्हता. परवानाधारक कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, तेव्हा आधी तीत नाव शोधावे. या सर्टिफिकेटचे शुल्क कामगाराकडून वसूल करण्यास कंपनीला ३१ डिसेंबर २०२४ पासून मनाई आहे. व्हिसाचे शुल्क आणि आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायची रक्कम) हे खर्च वेगळे, कंपनीने उचलले नाहीत तर ते आपल्यालाच भरावे लागतात. आणि भाऊ केअर वर्कर म्हणून, म्हणजे वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करण्यासाठी, जाणार असेल, तर त्या कामासाठी परदेशातून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंदच झाली आहे.