आधी सीटीसी फोडून बघा

नव्या नोकरीचा पगार ठरवताना 'आकडा आधी एचआरला बोलू द्या' हा सल्ला पटला, पण तो आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या वर्षभराच्या एकूण खर्चाचा असतो. १२ लाखांत बेसिक निम्मं धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ ७२,००० आणि ग्रॅच्युइटी सुमारे २९,००० त्यातच मोजलेली असते. शिवाय १० टक्के व्हेरिएबल (कामगिरीनुसार मिळणारा भाग) असेल आणि तुमचाही पीएफ कापला, की महिन्याला साधारण ७५ हजार उरतात, तेही आयकराआधी! पहिल्या नोकरीत मी हे विचारलंच नव्हतं. पहिली सॅलरी स्लिप बघून डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणून घासाघीस फिक्स्ड रकमेवरच करा. तिथे अडलंच, तर जॉइनिंग बोनस किंवा नोटीस पिरियडचा बायआउट (उरलेल्या नोटीसचे पैसे नव्या कंपनीने भरणं) मागा. आणि ठरलेलं सगळं ऑफर लेटरमध्ये येईपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनामा देऊ नका, प्लीज.