मदत हवी आहे: लॅबमधली सगळी मशीन्स मोकळी, तरी बिल्ड एकाच मशीनवर का होतंय?

रात्रपाळी_सांगली
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजची लॅब संध्याकाळनंतर रिकामी असते. सगळी मशीन्स एकाच स्विचवर आहेत. शाळांना द्यायची पॅकेजेस (इन्स्टॉल करायची सॉफ्टवेअर) रात्री यांच्यावरच सोर्स कोडपासून आपोआप बिल्ड करून घ्यायची, असा बेत आहे. सगळीकडे डिस्टसीसी (कंपाइलचं काम इतर मशीन्सना वाटून देणारं टूल) टाकलं, होस्टची म्हणजे त्या मशीन्सची यादी दिली. पण बिल्ड सुरू केलं की पंखा फक्त माझ्याच मशीनचा ओरडतो, बाकीची ढिम्म. लॉगमध्ये दर फाइलला एकच ओळ: 'फेल्ड टू डिस्ट्रिब्यूट, रनिंग लोकली इन्स्टेड', म्हणजे वाटता आलं नाही, इथेच चालवतोय. पिंग जातंय, फायरवॉल बंद आहे. शाळा उघडायच्या आत हे मार्गी लागायला हवं. कुणी केलंय का? लवकर सांगा.

कुपवाड_एमआयडीसी
लिनक्सची डिस्ट्रो कुठली? कंपायलर, म्हणजे जीसीसी, सगळीकडे एकाच व्हर्जनचं आहे का? डिस्टसीसीचं पोर्ट ३६३२ उघडं आहे का? नुसतं पिंग जातंय म्हणून काही ठरत नाही.

रात्रपाळी_सांगली
सगळीकडे डेबियन १२, एकाच इमेजवरून टाकलेलं. ३६३२ ला टेलनेट लागतं. साधी एक सी फाइल हाताने दिली तर शेजारच्या मशीनवर नीट कंपाइल होते. पॅकेज बिल्ड करतानाच बिनसतं.

माधवनगरकर
भाऊ, एवढा उपद्व्याप कशाला? क्लाउडवर सोळा कोअरचं मशीन तासाच्या भाड्याने घ्या, काम झालं की बंद करा. आमच्या ऑफिसात आता सगळं तसंच चालतं.

रात्रपाळी_सांगली
त्याचे पैसे कोण मंजूर करणार? मशीन्स डोळ्यासमोर आहेत, तीच वापरायची आहेत.

हळदपेठ
परवानगी लेखी घेतलीत का? एक मशीन ८०-१०० वॅट धरा. तीस मशीन्स चालली तर तासाला अडीच-तीन युनिट जातात. आमच्या संस्थेत रात्री मशीन्स चालू राहिली म्हणून लॅब असिस्टंटला नोटीस निघाली होती, बिचाऱ्याचा काही दोष नसताना. बायोसमध्ये वेक ऑन लॅन (बंद मशीन नेटवर्कवरून चालू करायची सोय) चालू करा आणि लागतील तेवढीच मशीन्स उठवा.

कृष्णाकाठची_अ‍ॅडमिन
पॅकेज कशाने बिल्ड करताय ते अजून सांगितलंच नाहीत. पीबिल्डर का?

रात्रपाळी_सांगली
हो ताई, पीबिल्डरच. दुसरं कशाने करणार?

कृष्णाकाठची_अ‍ॅडमिन
मग दुखणं तिथेच आहे. पीबिल्डर प्रत्येक पॅकेज क्रूटमध्ये, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळ्या केलेल्या फोल्डरात, बांधतो आणि बिल्डच्या वेळी तिथलं नेटवर्क मुद्दाम तोडून टाकतो. आतल्या डिस्टसीसीला बाहेरचं एकही मशीन दिसत नाही, मग तो गपचूप जागेवरच कंपाइल करतो. तुमची हाताने दिलेली फाइल क्रूटच्या बाहेर होती, म्हणून ती गेली. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, पीबिल्डरआरसीमध्ये, 'यूजनेटवर्क=यस' केलंत की वाट मोकळी होईल. पण माझं ऐकाल तर तसं करू नका. बिल्डच्या वेळी नेट बंदच हवं. नाहीतर एखादं पॅकेज मधेच बाहेरून काहीतरी ओढून घेतं आणि पुढच्या वेळी तेच बिल्ड होत नाही.

कुपवाड_एमआयडीसी
ताई, लॅनपुरतं उघडलं तर काय बिघडतं? आम्ही बरीच वर्षं डिस्टसीसीवर काढलीत. फक्त त्याच्या '--अलाव' मध्ये (कुणाचं काम घ्यायचं त्या यादीत) बिल्ड करणाऱ्या मशीनचा एकच पत्ता द्या. डिस्टसीसी पासवर्ड-बिसवर्ड काही विचारत नाही. पोर्ट मोकळं सोडलं तर जुन्या व्हर्जनमध्ये कुणीही त्यातून हवी ती कमांड चालवू शकायचं, सुरक्षेच्या त्रुटींच्या यादीत २००४ च्या नोंदीत ही भेग आहे. मुलांच्या लॅबमध्ये तर जपूनच.

रात्रपाळी_सांगली
यूजनेटवर्क केलं. बाकीची मशीन्स कामाला लागली!! पण आता शेवटी लिंक करताना (कंपाइल झालेले तुकडे जोडताना) मरतंय: 'आय३८६:एक्स८६-६४ आर्किटेक्चर ऑफ इनपुट फाइल इज इनकम्पॅटिबल विथ आय३८६ आउटपुट'. आता हे काय?

कुपवाड_एमआयडीसी
आय३८६? म्हणजे तुम्ही ३२ बिटची पॅकेजेस बांधताय?

रात्रपाळी_सांगली
हो, जत आणि कवठेमहांकाळकडच्या शाळांची मशीन्स जुनीच आहेत. क्रूट ३२ बिटचं आहे, लॅबची मशीन्स ६४ बिटची.

कुपवाड_एमआयडीसी
अहो राव, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! डिस्टसीसी पलीकडच्या मशीनला फक्त 'जीसीसी चालव' एवढंच सांगतो. तिथलं जीसीसी ६४ बिटचं, ते ६४ बिटचीच ऑब्जेक्ट फाइल परत पाठवणार. सगळीकडे जीसीसी-मल्टिलिब (६४ बिटच्या मशीनवर ३२ बिटचंही कंपाइल करू देणारं पॅकेज) टाका आणि '-एम३२' द्या. नाहीतर सरळ आइसक्रीम नावाचं टूल वापरा. सुसे लिनक्सवाल्यांनी डिस्टसीसीवरूनच ते बेतलंय, पण ते कंपायलरच बांधून सोबत पाठवतं. शिवाय कुठलं मशीन मोकळं आहे ते त्याचा शेड्यूलर बघतो.

मिरज_जंक्शन
जरा थांबा, ती शाळेची मशीन्स खरोखर ३२ बिटची आहेत का? त्या काळातल्या कितीतरी पेंटियम ड्युअल कोअर आणि कोअर टू ड्युओ मशीन्सवर ३२ बिटची विंडोज टाकलेली असायची, पण प्रोसेसर ६४ बिटचा. एलएससीपीयू चालवून फ्लॅग्जमध्ये 'एलएम' (६४ बिटची खूण) दिसतं का बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटचा कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही बंद केलेत. म्हणजे आज ना उद्या हे करावंच लागणार.

रात्रपाळी_सांगली
रॅम एक-एक जीबी आहे दादा, ३२ बिटच बरं पडतं. आणि माझा प्रश्न तो नाही.

मिरज_जंक्शन
प्रश्न तो नसेल, पण त्यातली निम्मी मशीन्स ६४ बिटची निघाली तर तुमचं निम्मं काम वाचेल.

माधवनगरकर
शाळांना जुनी मशीन्स देणंच चूक आहे. टॅब द्या.

हळदपेठ
टॅब फुटले की दुरुस्त कोण करणार? आमच्या गावच्या शाळेतले कपाटात पडून आहेत, चार्जर सापडत नाहीत.

कृष्णाकाठची_अ‍ॅडमिन
विषयावर या. रात्रपाळी, एकच मोठं पॅकेज आहे की बरीच छोटी?

रात्रपाळी_सांगली
छोटीच, पण पुष्कळ. टक्स पेंट, जीकॉम्प्री ही मुलांची सॉफ्टवेअर, फॉन्ट, कीबोर्ड लेआउट असलं सगळं.

कृष्णाकाठची_अ‍ॅडमिन
मग फाइल-फाइल वाटत बसूच नका. कॉन्फिगर आणि लिंक तर तुमच्याच मशीनवर होणार, छोट्या पॅकेजमध्ये निम्मा वेळ त्यातच जातो. फॉन्टमध्ये तर सीची एक फाइलही नसते, तिथे डिस्टसीसी काय वाटणार? ऊसतोडीला एकेका टोळीला एकेक फड देतात, तसं एका मशीनला एक अख्खं पॅकेज द्या. डेबियनचे स्वतःचे बिल्ड सर्व्हर असंच करतात: वाना-बिल्ड कामाची यादी ठेवतो आणि बिल्डडी चालणारं एकेक मशीन एकेक पॅकेज उचलतं. प्रत्येक मशीनवर तेच ३२ बिटचं क्रूट ठेवा, आत नेट बंद. मल्टिलिबचा प्रश्नच उरत नाही.
यादी वाटायला एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवर लांबून कमांड चालवून) जीएनयू पॅरलल पुरेल. दिवसाही वापरायचं असेल तर एचटीकॉन्डोर घ्या. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८० च्या दशकात ते रिकाम्या मशीन्ससाठीच सुरू झालं. त्याच्या डेस्कटॉप पॉलिसीत पंधरा मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही तरच मशीन काम घेतं, मुलगा येऊन बसला की काम बाजूला होतं.

कुपवाड_एमआयडीसी
जीकॉम्प्रीसारखं मोठं पॅकेज मग एकाच मशीनवर रेंगाळणार. त्याला तरी आइसक्रीम ठेवा.

कृष्णाकाठची_अ‍ॅडमिन
ते यादीत सगळ्यात आधी लावा, रात्रभरात होईल. सकाळपर्यंत झालं म्हणजे बास.

रात्रपाळी_सांगली
पॅरललने लावून बघितलं. फॉन्ट आणि टक्स पेंट वेगवेगळ्या मशीन्सवर बिल्ड झाले, टक्स पेंटचा प्रोग्रॅम फाइल कमांडने तपासला, ३२ बिटचाच आहे. पण एका पॅकेजला माझंच दुसरं पॅकेज आधी लागतं, ते अडकलंय. क्रम कसा लावू?

कृष्णाकाठची_अ‍ॅडमिन
एका मशीनवर रेप्रेप्रोने लोकल रेपो (पॅकेजेसचं कोठार) बनवा. झालेलं प्रत्येक .डेब (तयार पॅकेजची फाइल) तिथे जाऊ दे आणि सगळ्या क्रूटच्या सोर्सेस लिस्टमध्ये तो रेपो घाला. डिपेंडन्सी (आधी लागणारी पॅकेजेस) नेट तोडायच्या आधीच उतरतात, म्हणून यूजनेटवर्क परत 'नो' करा. अडकलेली पॅकेजेस दुसऱ्या फेरीत लावा. आणि प्राचार्यांची सही उद्याच घ्या, हळदपेठ म्हणतात ते बरोबर आहे.