बॅकअप नक्की कुठे ठेवायचा?

धूमकेतू:
फोटो, व्हिडिओ, कामाच्या फाइली मिळून दीडेक टीबी डेटा आहे, एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊ, एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) घेऊ की सरळ क्लाउडवर टाकू? गूगल ड्राइव्हचं सिंक चालू आहेच, मग वेगळा बॅकअप लागतो का?

निशाचर:
लागतो ना! सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, इकडे फाइल उडवली की तिकडूनही उडते, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते आणि मग संपलं. ३-२-१ धरून चाल, म्हणजे ३ कॉपी, २ वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, १ घराबाहेर. नुसती कपाटात पडून राहणार असेल तर साधी हार्ड डिस्कच बरी, एसएसडी बरेच महिने विजेविना राहिली तर डेटा जाऊ शकतो.

खटपट्या:
+१. आणि डिस्क कायम जोडून ठेवू नकोस हां, रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारं व्हायरससारखं सॉफ्टवेअर) आलं तर तीही लॉक होते.

धूमकेतू:
मग दोन डिस्क घेऊन रेड १ केलं, म्हणजे दोन्हींवर आपोआप तेच लिहिलं जाईल असं, तर?

निशाचर:
एक डिस्क मेली तर उपयोग, पण चुकून डिलीट केलेलं दोन्हीकडून जातं. त्यापेक्षा दुसरी भावाबहिणीकडे नाहीतर ऑफिसात ठेव, अधूनमधून अदलाबदल कर. एन्क्रिप्ट मात्र कर, म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला वाचता येणार नाही, आणि पासवर्ड फक्त त्याच कॉम्प्युटरवर ठेवू नको.

खटपट्या:
दोनचार फाइली रिस्टोर करूनही बघ रे, ते कुणीच करत नाही.